जोत्याची उंची

निवृत्तीनंतर हॅलिफॅक्सला आलो, तो समुद्राजवळ राहायला मिळेल म्हणून. आता भरतीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलंय, पण ते इथल्या समुद्राचं नाही.

मिसिसागाच्या ऑफिसात असताना मी एका सखल बेटावरच्या वीजकेंद्राचं डिझाइन केलं होतं. आमची रीत ठरलेली: आजवर चढलेलं सर्वांत उंच पाणी नोंदींत शोधायचं, वर दोन फूट धरायचे, तिथे जोतं. बेटावरचा इंजिनियर म्हणाला, "सर, कोळी म्हणतात पाणी वर सरकतंय. अजून उंच घ्या." जोतं उंच घेतलं की यंत्रं थंड ठेवायला लागणारं समुद्राचं पाणी पंपांना जास्त उंच चढवावं लागणार, खर्च वाढणार. मी त्याला फटकारलं, आपण नोंदींवर चालतो, गप्पांवर नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दुसऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

आज तोच त्या केंद्राचा प्रमुख आहे. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती आली की व्हिडिओ कॉल करून केंद्राच्या भिंतीवर चढलेलं पाणी दाखवतो. माझी सकाळ, त्याची संध्याकाळ. मागे त्याने विचारलं, "पाणी कुठवर आलं की केंद्र बंद करायचं? लेखी द्या." मी आकडा दिला. त्यापुढे खारं पाणी केबलींत शिरेल, स्फोट होईल आणि आतली माणसं जळून मरतील. त्याने भिंतीवर लाल रेघ मारली.

परवाच्या पौर्णिमेला आमच्या बेसमेंटमध्ये मंडळी बुद्धवंदनेला जमली होती. मी वर स्वयंपाकघरात फोन धरून बसलो होतो. पाणी रेघेला टेकलं होतं आणि भरती अजून तासभर चढणार होती.

"माझी बायको डायलिसिसवर आहे, सर. आत्ता मशीनला लावलंय," तो म्हणाला. "हॉस्पिटलचा जनरेटर मागच्या वादळातच गेला. एकदा पुन्हा हिशेब करून बघाल?"

मी कागद ओढला. खालून बायकोने हाक मारली, "अहो, येताय ना? सगळे वेट करतायत." सुरक्षिततेसाठी जास्तीचं धरलेलं सगळं कापून पाहिलं. इतकं लबाड गणित मी आयुष्यात केलं नव्हतं. तरी पाणी रेघेच्या वर जाऊ देता येईना.

"बंद करा," मी म्हणालो.

"हो, सर," तो म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधी त्याने मला थँक्यू म्हटलं.