गेरूच्या पट्ट्याच्या सहा मेंढ्या

चरबीवर मी उभा जन्म काढला, पण अंगावर ती कधी तोळाभर चढली नाही. ही थट्टा मी आधीच करून टाकते, म्हणजे दुसऱ्याला करायला उरत नाही. परभणीच्या आमच्या गल्लीत पोरगी रसायनशास्त्र शिकायला हैदराबादला जाते हेच लोकांच्या पचनी पडत नव्हतं, त्यात विषय चरबीचा. आई शेजारणींना सांगायची, डॉक्टरीतलंच काहीतरी आहे. वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते. त्यांची उमेदीची सगळी वर्षं उर्दू कागदांत गेली होती आणि पोलीस ॲक्शननंतर, पन्नाशीला टेकल्यावर, ते मराठी मसुदे लिहायला शिकत होते. त्यांनी मला एकदाच विचारलं, चरबीत शिकण्यासारखं असतं तरी काय. मी म्हटलं, माणूस उपाशी असताना जिवंत कसा राहतो ते. त्यांनी चष्मा पुसला आणि जा म्हणाले.

हैदराबादच्या प्रयोगशाळेत माझ्याइतकी हुशार दुसरी कुणी नव्हती. दुसरी कुणी मुलगीच नव्हती हे खरं, पण मुलगे होते आणि तेही माझ्या मागेच होते. आमचे प्राध्यापक शब्दांचे कंजूष. मला त्यांनी विषय दिला तो उभ्या उभ्या, एका वाक्यात: उपाशी मेंढीच्या चरबीचं काय होतं ते बघा.

यात समजायला अवघड काही नाही. पोटात अन्न नसलं की शरीर साठवलेली चरबी जाळायला काढतं. ती नीट जळायची तर सोबत थोडी साखर लागते. साखर संपली की चरबी ओल्या लाकडासारखी अर्धवट जळते, आणि धूर निघावा तसा तिच्यातून ॲसिटोन निघतो. तो श्वासाला येतो, लघवीत उतरतो. लघवीत दोन क्षार घालायचे, वरून हलक्या हाताने अमोनिया सोडायचा. ॲसिटोन असला तर नळीत जांभळं कडं उमटतं. पोटात दोन कोकरं असलेल्या मेंढीला शेवटच्या महिन्यात चारा कमी पडला तर हे कडं येतंच, असं विलायती पुस्तकं सांगत. अशी मेंढी मान टाकते, आंधळ्यागत धडकत फिरते आणि मरते. आमच्या दख्खनी मेंढीवर हे कुणी तपासल्याचं प्राध्यापकांच्या वाचनात नव्हतं. ते मी तपासणार होते. माझी शिष्यवृत्ती त्याच उन्हाळ्यात संपत होती. निबंध झाला तर ती वाढणार, नाही तर परभणीच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा रिकामी होती. वडिलांनी अर्ज लिहूनही ठेवला होता, आणि त्यांच्या नव्या मराठीतला तो सगळ्यांत सुंदर मसुदा होता.

राज्यांची नवी वाटणी नुकतीच झाली होती. माझा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि माझी प्रयोगशाळा परमुलखात राहिली. मेंढ्या इकडे, प्रयोगशाळा तिकडे, म्हणून मी आमच्याच जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनला मुक्काम केला. मामा रेल्वेत गार्ड होते, त्यांचं क्वार्टर होतं, आणि हैदराबादकडची गाडी दारावरून जायची. मागच्या ओसरीवर मामीने मला एक टेबल दिलं. त्यावर काय ठेवलं जाणार आहे ते कळल्यावर तिने ओसरीचं ते टोक सोडलं ते सोडलंच. पाहुण्यांना ती सांगायची, भाचीची मुतारी आहे, तिकडे जाऊ नका.

गावापासून दोन कोसांवर पडीक रानात एका धनगर नवरा-बायकोचा कळप बसलेला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकला. नवरा दिवसभर कळप घेऊन हिंडायचा. मुक्कामावर, म्हणजे दोन पालं, एक चूल आणि दोरीच्या जाळीचा कोंडवाडा, एवढ्यावर राज्य बायकोचं. मी तिला मावशी म्हणू लागले. ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनीच मोठी असेल, पण चार बाळंतपणं झालेली बाई बिनलग्नाच्या बाईला मावशीच असते. कुठल्या मेंढीच्या पोटात दोन आहेत ते ती नुसता हात लावून सांगायची. मेंढीची लघवी कशी धरायची हेही तिनेच शिकवलं. दोन्ही नाकपुड्या क्षणभर दाबून धरायच्या, मेंढी घाबरून पाय फाकवते, आपण मागे भांडं धरून तयार राहायचं. ही युक्ती एकाही पुस्तकात मला सापडली नव्हती.

दोन-दोन कोकरांच्या बारा गाभण मेंढ्या मी निवडल्या. सहांच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढला. पट्टेवाल्यांना तीन दिवस चारा बंद, बाकीच्या सहांना पोटभर. कडब्याचं चिपाडसुद्धा द्यायचं नाही, बाभळीची शेंग नाही, काही नाही, असं मी मावशीला दोन-दोनदा बजावलं. तिने पदराचं टोक दातात धरून सगळं ऐकलं आणि बरं म्हणाली. त्या एका शब्दावर मी निर्धास्त झाले, कारण मी शहरात वाढले होते.

रोज सकाळी मामाच्या सायकलवरून मी रानात जायची आणि बाटल्या भरून आणायची. पहिल्या दिवशी कडं आलं नाही, ते येणारच नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी सहाही नळ्या पाण्यासारख्या स्वच्छ. मी औषधं बिघडली का ते पाहिलं; बाटलीतल्या ॲसिटोनचा एक थेंब टाकला तर नळी वांग्यासारखी जांभळी झाली. पंधरा दिवसांनी त्याच मेंढ्यांवर पुन्हा तीन दिवस तोच प्रयोग केला. पुन्हा काही नाही. मग मला जे वाटलं ते सांगते: मला वाटलं, आपल्या हाती घबाड लागलंय. विलायती मेंढी उपाशी मरते आणि आमची दख्खनी मेंढी चरबी शेवटच्या कणापर्यंत जाळून ताठ उभी राहते. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ काढलेलं जनावर, त्याच्या यकृतात काहीतरी वेगळं असणारच. मी एका बैठकीत चाळीस पानं लिहिली. एकाही वाक्यात 'कदाचित' नव्हतं. प्राध्यापकांचं पत्र आलं, तेही एका वाक्याचं: पुढच्या सोमवारी येऊन सभेत वाचा.

निघायच्या दोन दिवस आधी मी मावशीचा निरोप घ्यायला गेले. सोबत तिच्यासाठी खण होता. मेंढ्या व्यायल्या होत्या, कोंडवाड्याभोवती कोकरांचा धुडगूस चालला होता. मावशीने खण डोक्याला लावला, चहाचं आधण ठेवलं आणि गुळाची ढेप काढून ती दगडाने फोडायला बसली.

दगडाचा दुसरा ठोका पडला आणि मुक्कामाशेजारी चरणाऱ्या व्यालेल्या मेंढ्यांतून एक मान वर करून आली. तिच्या मागून दुसरी. कोकरं मागे टाकून त्या धावत आल्या, मावशीच्या मांडीवर तोंडं खुपसू लागल्या, तिचे हात चाटू लागल्या. एकूण सहा. गेरू पुसट झाला होता, पण सहांच्याही पाठीवर पट्टा होता. पट्टा नसलेली एकही मेंढी जागची हलली नाही.

मी हुशार आहे हे वर सांगितलंच आहे, त्यामुळे समजायला मला वेळ लागला नाही. मी विचारलं, "मावशी, तुम्ही यांना गूळ दिला?"

"दिला की. रोज पहाटं, तुमी यायच्या आधी." ती ढेपेकडे बघतच म्हणाली. "तुमी म्हणलात चारा देऊ नका. चारा दिला न्हाई, लेकराची आन. गुळाचं पाणी पाजलं. पाणी नगं म्हणलाच न्हाईत तुमी."

मी लय बोलले तिला. माझा आवाज गार्डाच्या शिट्टीसारखा आहे असं मामा म्हणत, तो त्या दिवशी सगळ्या रानाने ऐकला. तिने माझ्या कामाची माती केली, माझं वर्ष घालवलं, आता मला शाळेत पोरींना पाठ द्यावे लागतील, सगळं सगळं बोलले. ती चहा गाळत राहिली. मी थांबल्यावर तिने कप पुढे केला.

"गाभणीला उपाशी ठिवत न्हाईत, बाई. दारी पावना आला तरी आमी गूळपाणी देतो, अन् ह्या तर घरच्या. तिसऱ्या दिशी ह्यांच्या तोंडाला वास येतो, पिकल्या फळावानी. तो आला का मेंढी गेली म्हणायची. म्या तो येऊच दिला न्हाई."

माझा चहा हातातच राहिला. ज्या वासासाठी मी हैदराबादहून क्षार आणि अमोनिया घेऊन आले होते, तो ही बाई नाकाने ओळखत होती आणि त्याचं औषधही तिला ठाऊक होतं. मला राग आला तो आता माझाच.

त्या दुपारी ओसरीवर चाळीस पानं पुढ्यात घेऊन बसले. खरं सांगते, मी भ्याले होते. मेंढ्या काही हैदराबादला साक्ष द्यायला येणार नव्हत्या. मावशीला निबंध म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. सोमवारी उभं राहून वाचलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या आणि शिष्यवृत्ती वाढली असती. पण दर वाक्याशी मला दगडाचा ठोका ऐकू येत होता. खोटं बोलायला मला तसा फारसा संकोच नाही, मामीला विचारा; पण चुकीचं ते बरोबर म्हणून सांगायचं हे माझ्या गर्वाला झेपेना. मी स्टेशनावर जाऊन तार केली: निष्कर्ष चूक, वाचत नाही. तारेपाठोपाठ सविस्तर पत्रही टाकलं. उत्तर चौथ्या दिवशी आलं आणि ते चक्क दोन वाक्यांचं होतं. चूक कबूल केल्याबद्दल शिष्यवृत्ती मिळत नसते. पाऊस पडायच्या आत खरा आकडा आणा.

कळपात उशिराने व्यायची एकच मेंढी उरली होती, पोटात दोन असलेली. मी पुन्हा मावशीपुढे जाऊन बसले. या खेपेला बजावलं नाही, मागितलं. म्हटलं, वास येऊ द्या, मला एकदाच तपासू द्या, मग लगेच गूळ पाजा. तुमचाच उपाय मला कागदावर सिद्ध करायचाय.

"करू," ती म्हणाली. "पर तिच्यासंगं तुमी बी उपाशी बसा. मंग मला भरवसा यील का तुमी तिला मरू देणार न्हाईत."

अट मी हसत मान्य केली. उपासमारीवर चाळीस पानं लिहिलेल्या बाईला उपासाची काय भीती. पालाशेजारच्या लिंबाखाली घोंगडी टाकून मी बसले. ती मेंढी शेजारी बांधलेली. दोघींना फक्त पाणी. पहिला दिवस गप्पांत गेला. दुसऱ्या दिवशी मावशी भाकरी थापायला बसली तेव्हा मी तोंड फिरवून घेतलं, मेंढीनेही. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकू लागलं, आणि माझ्या चाळीस पानांत भूक हा शब्द मी कितीदा सहज लिहिला होता ते मला आठवत राहिलं. तिसऱ्या सकाळी मेंढीने मान खाली घातली. मावशीने येऊन तिच्या तोंडाचा वास घेतला, मग माझ्या तोंडाशी नाक आणलं.

"दोघींच्या बी आलाय," ती म्हणाली.

मी मेंढीच्या नाकपुड्या धरल्या, भांडं भरलं. मग पालामागे जाऊन दुसरं भांडं भरलं. दोन नळ्या दगडाला टेकवून उभ्या केल्या, दोन्हींत क्षार घातले, वरून अमोनिया सोडला. आधी माझ्या नळीत कडं उमटलं, मग मेंढीच्या. दोन्ही जांभळी. जिवंत अंगातून आलेलं ते माझ्या आयुष्यातलं पहिलं कडं, आणि ते माझं स्वतःचं होतं. गूळ पाजल्यावर दुसऱ्या दिवशी मेंढीची लघवी पुन्हा तपासली, तेव्हा कडं उमटलं नाही. चार दिवसांनी तिने दोन कोकरं दिली. एका मेंढीचा आकडा घेऊन मी पाऊस पडायच्या आत हैदराबाद गाठलं, त्यावर शिष्यवृत्ती वाढली, आणि पुढे चरबी आणि साखरेच्या या एकाच नात्यावर माझी सगळी नोकरी गेली. वडिलांचा तो सुंदर अर्ज अजून माझ्या पेटीत आहे.

पण त्या सकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त भूक माहीत होती. मावशीने गूळपाण्याचा तांब्या आणून खाली ठेवला आणि मी दोन्ही हातांनी तो उचलला, ओठांपर्यंत नेला. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आधी ती," ती म्हणाली. "ती तीन जिवांची उपाशी हाय. तुमी एकल्या."

मी तांब्या तिच्या हातात दिला आणि मेंढीचं तोंड धरायला गेले.