माझ्या हाताखालची पोर

पोरीच्या गळ्यात पाटी होती. सुतळीनं बांधलेली.

चोपड्याजवळच्या आमच्या गावात मी मालकांच्या, आबांच्या कापसात निंदत होते. माझी सुमन, तिसरीतली, बांधावरून चालत आली. मागं शाळेतल्या दोन मुली. पाटीवर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं. मला वाचता येत नाही. मला वाटलं, पोरीचा नंबर आला. मातीचे हात लुगड्याला पुसले आणि तिला मालकीणबाईंकडे नेलं.

"अक्का, काय लिखेल शे?"

अक्का शिकलेल्या. बठ्ठ्या, वावरातल्या सगळ्याच बायांना ऐकू जाईल असं त्यांनी वाचलं. "मी ढ आहे. माझ्याशेजारी बसू नका." मग वर म्हणाल्या, "मायवर गेली."

बाया हसल्या. मीही हसले. मालकीण हसली की हसायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

घरी गेल्यावर मी सुमनला मारलं. आधी हातानं, मग सरपणातल्या काडीनं. पाटी अडकवणाऱ्या गुरुजींवर हात उचलता येत नव्हता, अक्कांवर येत नव्हता. हिच्यावर येत होता.

पोर वेडी नव्हती. गुरुजींनी एकदा सांगितलेली गोष्ट ती घरी येऊन जशीच्या तशी सांगायची, एक शब्द इकडचा तिकडं नाही. पण पुस्तक उघडलं की अक्षरं तिला सापडायची नाहीत. आज ओळखलेला 'क' उद्या परका. गुरुजी म्हणायचे, पोपट आहे, डोकं नाही. सासू म्हणायची, पोटुशी असताना गिऱ्हाणात विळी धरली असशील. नवरा म्हणायचा, लाव म्हशींमागं. आणि मी काय म्हणायचे? मर म्हणायचे. सख्ख्या पोरीला. चुलीजवळ बसवून लिही म्हणायचे, आणि ते बरोबर आहे का चूक हे मलाच कळत नसताना मारायचे. एकदा तिची बोटं चुलीच्या कडेला टेकवली. डाग अजून आहे.

पुढं शाळेत साहेब तपासणीला येणार होते. आदल्या दिवशी गुरुजींनी मला बोलावलं. आबाही खुर्चीत बसलेले, शाळेची जागा त्यांची. सुमन फळ्याजवळ उभी होती. समोर पन्नास पोरं.

गुरुजी म्हणाले, "चार ओळी वाचता येत नाहीत हिला. उद्या माझं नाक कापेल. तू आई आहेस ना? मार. सगळ्यांसमोर मार."

आबा म्हणाले, "मार वं. त्याबिगर पोर सुधरत नही."

मी हात उचलला.

सुमननं डोळे मिटले आणि गाल पुढं केला. आपणहून. रडली नाही, मागं सरली नाही. गाय दावं बांधून घ्यायला मान पुढं करते, तसा.

हे तिला गुरुजींनी नव्हतं शिकवलं. मी शिकवलं होतं. वर्षभर. अक्षर नाही आलं तिला, पण हा धडा चोख पाठ झाला होता. मला कळलं, यांनी मला काठी केलं होतं. धरणारे हे, लागणारी मी.

हात खाली घेतला.

"नही मारसू."

"मग उद्यापासून पाठवू नकोस," गुरुजी म्हणाले.

"धाडसू. रोज धाडसू. तुमना साहेबसमोर बसाडसू."

आबा शांतपणे म्हणाले, "मन्हा वावरमा पाय ठेवू नको."

नाही ठेवला. दुसऱ्या दिवशी सुमनला पहिल्या ओळीत बसवलं आणि साहेब जाईपर्यंत दारात उभी राहिले. महिन्याभरात गुरुजींनी तिचं नाव कापलं. गावात मला कुणी काम देईना. आम्ही रावेरला गेलो. मी केळीचे घड वाहू लागले, थोडी मोठी झाल्यावर सुमनही.

तिला आजही वाचता येत नाही. मी पदर सावरायला हात वर केला, तरी ती मान आत ओढते. मी माफी मागितली नाही. कोणत्या तोंडानं मागू? तिनंही दिली नाही, आणि देऊ नये.

पण तिला ढ म्हणणाऱ्याला आता माझ्या समोर उभं राहून म्हणावं लागतं. दुकानदार असो, मुकादम असो, तिचा सासरा असो. या हातानं पुष्कळ मारलंय. कुणाला मारायचं, ते आता मी ठरवणार.