डॉक्टरांचे खाने

साउथहॅम्प्टनच्या आमच्या मराठी मंडळीत एक मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांच्या जाडजूड ग्रंथात प्रत्येक विकाराला एक खाना होता आणि खान्यात शिरायला अटी होत्या: लक्षणं कोणती, किती आठवडे, रोजचं काम अडतं का. जेवायला बसले की डॉक्टर आम्हा धडधाकट लोकांना त्या खान्यांत कोंबत. मी गॅस पुन्हा पुन्हा तपासतो, म्हणून मलाही एका खान्याचा क्रमांक मिळाला होता. तो मी मानपत्रासारखा मिरवायचो.

एका रविवारी शेजारच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो डॉक्टर, नोकरी गेल्यापासून हे झोपत नाहीत, बोलत नाहीत. वेड लागलं म्हणायचं का?"

"सांगा, कुठला खाना?" मी सवयीने विचारलं.

"गप रे. न तपासता खाना फक्त तुझ्यासारख्या धडधाकटांना." श्रीखंड तसंच टाकून ते वहिनींबरोबर गेले.

तासाभराने परतले ते वहिनींच्या दाढी वाढलेल्या नवऱ्याला घेऊनच.

"उद्या आम्ही दोघं यांच्या जीपीकडे, फॅमिली डॉक्टरकडे, जाणार आहोत," पत्ते पिसत डॉक्टर म्हणाले. "आज हे माझे भिडू."

पहिल्याच हाताला त्या गृहस्थांनी हुकमाच्या दुर्रीने माझा एक्का कापला, आणि वहिनी मोठ्याने हसल्या.