अठरा वर्षांचं पोर

"अठरा वर्षांचं पोर आहे हो ते."

हे म्हणण्याआधी काका चष्मा काढायचे, दोन बोटांनी डोळे दाबायचे आणि तसेच बसून राहायचे. समोरच्याला वाटावं, माणूस झोपला. मग डोळे न उघडताच ते वाक्य यायचं. आवाज कधी चढलेला नसायचा. एकच गोष्ट दिवसभर वेगवेगळ्या लोकांना समजावून दमलेल्या माणसाचा तो आवाज होता.

ते पोर दर वर्षी वेगळं असायचं. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्यातरी लहान गावातला, आम्ही कुणी प्रत्यक्ष न पाहिलेला मुलगा. काकांनी टोकियोला येण्याआधी मेलबर्नमध्ये बरीच वर्षं नोकरी केली होती. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या, एक जाड लोकरीचं ब्लँकेट आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड. मैदान क्रिकेटचं, चेंडू लांबट, दोन्ही टोकांना चार-चार खांब. तो खेळ मला अजूनही नीट कळत नाही. त्यातला ड्राफ्ट मात्र कळला. दर नोव्हेंबरला सगळे क्लब शाळा संपवणाऱ्या मुलांमधून एकेकाला निवडतात, आणि त्या वर्षी जो क्लब सगळ्यात शेवटी आला असेल त्याला सगळ्यात आधी निवडायला मिळतं. काकांना हा नियम फार आवडायचा. त्यांचा क्लब नेहमी शेवटीच असायचा, हेही त्याचं कारण असेल.

काकांचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. ऑफिसात ते आमचे टीम लीड, म्हणून जपानी रीतीने आडनावाला सान लावायचं. निशी-कसाईत, टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीत, ते माझ्याच इमारतीत राहायचे, तिथे ते काका आणि त्यांच्या पत्नी काकू. एकाच माणसाला दिवसा सान आणि संध्याकाळी काका म्हणताना मी अडखळायचे, म्हणून बहुतेक वेळा काहीच म्हणत नसे. त्यांनी कधी ते मनावर घेतलं नाही.

ड्राफ्टच्या आधीच्या रविवारी त्यांच्याकडे खोटा ड्राफ्ट व्हायचा, क्लब आपापसांत वाटून घ्यायचे आणि त्यांच्या वतीने मुलं निवडायची. मंडळी तीनच. एक काका. दुसरा बेन, मूळचा अॅडलेडचा, इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि सायकलवरून यायचा. तिसरे दातार, मुंबईच्या एका बँकेतले. दातार आधी सिडनीला होते, आणि सिडनीच्या माणसाला या खेळातलं काही कळत नाही याबद्दल काका आणि बेन यांचं एकमत होतं. बाकी कशाबद्दल नव्हतं. तिघांनी पाच-पाच क्लब घेतले की काही उरायचे. ते सांभाळायला एका वर्षी काकूंनी मला बोलावून घेतलं.

"तुला काही करायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "बस नुसती. पोहे खा. आमच्या पुतण्यासाठी मुलगी बघताना यांनी एवढी चौकशी केली नव्हती. बघ तरी एकदा."

दातार नेहमी सुरुवात करायचे. "अहो, तुमच्या क्लबने गेल्या वर्षी घेतलेला तो साडेसहा फुटी खांब काय करतोय सध्या? एक तरी सामना खेळला का?"

चष्मा निघाला. "अठरा वर्षांचं पोर आहे हो ते."

"आता एकोणीस."

"मग एकोणीस. उंच मुलांना वेळ लागतो, दातार. हाडं वाढतायत अजून त्याची."

"हाडं वाढेपर्यंत तुम्ही तळाशी."

"असू दे की. तळाशी असलं की निवडायला पहिला नंबर मिळतो."

बेनला मराठीतला तेवढा एकच शब्द यायचा. "दिस पोर कॅनॉट किक," तो शांतपणे सांगायचा आणि पोह्यांवर आणखी शेव घ्यायचा.

दातारांचं दुसरं ठरलेलं म्हणणं असं, की तिशी ओलांडलेला चांगला खेळाडू दुसऱ्या क्लबला देऊन टाकावा आणि त्याच्या बदल्यात दोन नव्या मुलांची निवड पदरात पाडून घ्यावी. तिथे असा व्यवहार चालतो. काकांना तो अजिबात पटायचा नाही. "त्याला दिलात, तर मैदानावर कुठे उभं राहायचं हे त्या दोघांना सांगणार कोण? तुम्ही, बँकेतून?"

त्या बैठकीला काकांनीच घातलेला एक नियम होता. ज्या मुलाला घ्याल, त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायची, जी त्याच्या आकड्यांत दिसत नाही. किती वेगाने पळतो, किती उंच उडी मारतो हे सगळ्यांना माहीत असतं. ते सोडून काहीतरी सांगा.

माझी पाळी शेवटी आली. आदल्या रात्री मी काही व्हिडिओ पाहून ठेवले होते, शाळेत तोंडी परीक्षेच्या आधी ठेवायचे तसे. मी एका मुलाचं नाव घेतलं आणि इंग्रजीत म्हणाले की त्याचा गोल चुकला, तरी ज्याने चेंडू दिला होता त्याच्याकडे वळून तो आधी हात वर करतो. चेंडू चांगला होता, चूक माझी, असं सांगितल्यासारखा.

मग काकांनी डोळ्यांवरची बोटं काढली. "हिने पाहिलंय," ते दातारांना म्हणाले. "तुम्ही नुसतं वाचून आलायत."

मला कोणी शाबासकी दिली की कुठे बघावं ते कळत नाही. मी पोह्यांतली मिरची बाजूला काढत राहिले.

त्यानंतरच्या महिन्यात ऑफिसात माझ्या हातून एक घोळ झाला. क्लायंटच्या सिस्टिममध्ये शुक्रवारी एक काम अडकलं. मला कारण सापडलं, मी रात्री उशिरापर्यंत थांबून ते दुरुस्त केलं आणि सोमवारी सकाळी सगळं नीट चालू असल्याचं कळवलं. मला वाटलं, बरं वाटेल त्यांना. पण क्लायंटकडची माणसं एकदम गप्प झाली. तुम्हीही इथे काम केलं असेल तर ती शांतता तुम्हाला माहीत असेल. इथे अडचण दिसली की आधी सांगायचं असतं, दुरुस्ती नंतर. न सांगता दुरुस्त करणं म्हणजे लपवणंच. आमच्या इंग्रजी शाळेत नेमकं उलटं शिकवलं होतं. मिसकडे प्रश्न घेऊन जायचं नाही, उत्तर घेऊन जायचं. त्यात मी मुळातच कोणाकडे काही घेऊन जाणारी नव्हे.

काकांनी माझ्या वतीने क्लायंटच्या तीन वेगवेगळ्या माणसांसमोर मान झुकवली. मला एवढंच म्हणाले, "आपल्याकडच्या हुशार मुलांचं असंच होतं. चल, जेवून घेऊ."

मग जानेवारीत कळलं की एप्रिलपासून क्लायंट पैसे कमी करणार, आणि सहा जणांच्या टीममधले दोन ज्युनियर परत पुण्याच्या ऑफिसला जाणार. नावं सांगितली नव्हती. त्यातलं एक माझं, हे सगळ्यांना कळलं होतं. लिफ्टमध्ये लोक माझ्याशी जरा जास्तच चांगलं वागायला लागले.

मला जायचं नव्हतं. पुण्यात काही वाईट वाट बघत होतं असं नाही. घर चांगलं, आईबाबा चांगले. पण तिथे जन्मभर मला लोक "अगं, बोल ना" म्हणत आले. पाहुणे आले की म्हणायचे, गॅदरिंगला म्हणायचे, पहिल्या नोकरीत मॅनेजरही म्हणायचा. टोकियोत मला कोणी तसं म्हणत नाही. ट्रेनमध्ये, दुकानात, इमारतीच्या जिन्यात गप्प असणं ही इथे साधी गोष्ट आहे. मला पहिल्यांदाच आपण ठीक आहोत असं वाटायला लागलं होतं. हे कारण कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही.

फेब्रुवारीत क्लायंटच्या विभागप्रमुखांबरोबर बैठक ठरली. दुभाष्याचं काम करणारी मुलगी आजारी पडली. टीममध्ये त्यातल्या त्यात बरं जपानी माझं. म्हणून काका काय म्हणतात ते जपानीत आणि प्रमुख काय म्हणतात ते इंग्रजीत सांगायला मी दोघांच्या मध्ये बसले. विषय होता, टीममधले कोणते दोघे जाणार.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा काढला. ते इंग्रजीत म्हणाले, "यांना विचार, बेसबॉल बघतात का."

मी विचारलं. प्रमुख जरा चकित झाले. म्हणाले, बघतो. शाळकरी मुलांचा जास्त.

"सांग त्यांना, मेलबर्नला असाच एक ड्राफ्ट असतो. अठरा वर्षांची मुलं घेतात. बुटकी, चपळ मुलं पहिल्याच वर्षी चमकतात. उंच मुलांना वेळ लागतो. दोन वर्षं ती काही करत नाहीत, नुसती बघत असतात. क्लबचे लोक कंटाळतात, सोडून देतात. आणि मग तीच मुलं दुसऱ्या क्लबमध्ये जाऊन खेळतात."

मी वाक्यामागून वाक्य जपानीत केलं. माझी उंची पाच फुटांच्या जेमतेम वर आहे. तरी ते उंच मूल कोण, हे त्या खोलीत तिघांनाही कळत होतं.

प्रमुख पुढे सरकून बसले. म्हणाले, बेसबॉलमधली चेंडू टाकणारी पिचर मुलंही तशीच. ज्याच्याकडून लवकर फार अपेक्षा केली, त्याचा खांदा जातो. त्यांच्या गावच्या शाळेचा एक पिचर होता, त्याच्याबद्दल ते बराच वेळ सांगत होते. काका ऐकत होते, मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते. निम्मी बैठक त्यात गेली. दोघंही इतके खूश मी ऑफिसात कधी पाहिले नव्हते.

मग काका म्हणाले, "विचार त्यांना. एक जुना खेळाडू देऊन दोन नवे ठेवता येतात का तुमच्याकडे?"

मी विचारलं. वाक्य तोंडातून गेल्यावर मला त्याचा अर्थ कळला. काकांच्या एकट्याचा खर्च दोन ज्युनियरएवढा होता.

प्रमुखांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आमच्या बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये तशी पद्धत नाही," ते म्हणाले.

मी ते इंग्रजीत सांगितलं.

"आमच्याकडे आहे," काका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

परतताना तोझाई लाईनच्या मेट्रोत आम्हाला शेजारी बसायला जागा मिळाली. एरवी मी इअरफोन लावले असते. त्या दिवशी मी म्हणाले, "काका, जुना खेळाडू द्यायचा नसतो म्हणून तुम्हीच दातारकाकांशी भांडता."

"दिला कुठे? दमला तो." डोळे मिटलेलेच होते. "माझे गुडघे काय म्हणतात ते तुला माहीत नाही. आणि कुठे उभं राहायचं ते कळतं तुम्हाला आता. नाही कळलं तर विचारा. आधी विचारायचं, मग करायचं. एवढं एक लक्षात ठेवलंस तरी पुष्कळ."

मी थँक यू म्हणाले की नाही, आठवत नाही. म्हणाले असेन तर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने नक्कीच नाही.

प्रमुखांनी ते मानलं, काकांचं जाणं ठरलं आणि सहाचे पाच झाले. आमच्यातलाच एक जण लीड झाला. पुण्याला काकांच्या हातात अजून काही काम नाही, हे मला काकूंकडून कळलं. "मिळेल म्हणतात," त्या कपाट रिकामं करता करता म्हणाल्या. "चोपन्न वर्षांच्या माणसाला कोण पटकन घेतं गं? पण यांना सांगून उपयोग नाही. झोप मात्र लागायला लागलीय, तेवढं बरं." त्यांनी ते मेलबर्नचं ब्लँकेट मला देऊ केलं. मी नको म्हणाले, कारण मला हवं होतं. त्यांनी ते तरीही माझ्या दाराशी आणून ठेवलं.

देश सोडताना इथे घर रिकामं करणं हे एक वेगळंच काम असतं. मोठी वस्तू टाकायची तर पालिकेला फोन करून दिवस ठरवायचा, कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातून, पैसे भरून स्टिकर आणून चिकटवायचं आणि त्या दिवशी सकाळी वस्तू खाली ठेवायची. काकांच्या सोफ्यासाठीचा फोन मी केला होता. मार्चअखेरीच्या त्या सकाळी बेन आणि दातारांनी सोफा खाली आणला, इमारतीसमोर ठेवला आणि दोघं आपापल्या कामाला गेले. काकू वर होत्या.

मी ऑफिसला निघाले तर काका त्या सोफ्यावर बसलेले. अंगात कोट, पायात घरातल्या सपाता, बाजूला सोफ्याच्या हातावर ते स्टिकर. शाळेला जाणारी मुलं त्यांच्याकडे बघत चालली होती.

"बस," ते म्हणाले. "गाडी येईपर्यंत."

मी बसले. त्यांनी फोन काढून मला एक मुलगा दाखवला, येत्या नोव्हेंबरच्या ड्राफ्टचा. तस्मानियाचा, बापाची सफरचंदाची बाग, अजून अठराचाही नाही. चेंडू अंगावर येतो तेव्हा सगळे डोळे मिटतात, हा मिटत नाही, हे त्यांनी मला तीनदा मागे नेऊन दाखवलं.

गाडी आली. निळ्या कपड्यांतली दोन माणसं उतरली, त्यांनी स्टिकर पाहिलं, आम्हाला नमस्कार केला आणि सोफ्याच्या दोन टोकांना येऊन उभी राहिली. काकांचं लक्ष नव्हतं. ते मुलाच्या आईबद्दल काहीतरी सांगत होते. तिने शाळेच्या मैदानावर कसं उभं राहून पाहिलं ते. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. इथे कचऱ्याची गाडी कोणासाठी थांबत नाही.

मी उठले. त्या दोघांना म्हणाले, "माफ करा. यांचं बोलणं संपेपर्यंत थांबाल का?" रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल एवढा माझा आवाज मोठा निघाला.

ते थांबले. हातमोजे घातलेले हात बाजूला सोडून दोघंही उभे राहिले. मी परत बसले. काका सांगत होते, मुलगा चांगला आहे, पण डावा पाय कच्चा आहे अजून.