सकाळपासून मेलेले काका

बालाघाटहून गोंदियाला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारचा गृहस्थ बोटांची चौकट करून एकेका प्रवाशाकडे बघत होता. चौकट माझ्यावर आली तसा मी वैतागलो. "काय आहे हो?"

"नाराज नका होऊ जी, आदत हाय." तो कॉलेजात शिकवायचा आणि सुट्टीत स्वतःच सिनेमे काढायचा. नट सगळे नातेवाईक, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. पण सिनेमे सगळ्या स्पर्धांमधून परत यायचे. म्हणे, यात कोणी खरं रडतच नाही.

मागच्या सुट्टीत त्यानं आपल्या गावी, राजेगावात, मयतीचा सीन घेतला. त्याचे काका मयत बनून अंगणात आडवे झाले, घरच्या बायकांनी गळा काढला. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीच जेवण आणतात. रडणं ऐकून अर्धी गल्ली वरण-भात घेऊन हजर!

"मग खरं सांगितलंत की नाही?"

"सांगनारच होतो, तं काकाच उठून बसले. म्हने, मले बी वाढा, सकाळपासून मरून राह्यलो!"

एक म्हातारी किंचाळत पळाली. दुसरी मात्र काकांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. अगदी खरं.

मी हसून बेजार झालो. "मिळाला की हो तुम्हाला सीन!"

त्याची चौकट मांडीवर गळून पडली.

"कायचा सीन जी? कॅमेरावाला मीच. अन् मी तं पयलेच ताट घेऊन बसलतो."