निरोपाची अकरा जेवणं

"अनफिट," डॉक्टर म्हणाले आन् माझा कागद बाजूला ठेवून त्यांनी पुढच्याला हाक मारली.

मी मुंबईला मेडिकलला गेल्तो. मस्कतकडच्या एका स्टील कारखान्यात माझं काम ठरलं होतं. जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलवर माझी अर्धी जवानी गेली. आता विमान कसं उडतं, समुद्र केवढा असतो, तिथली भट्टी आपल्यासारखीच असते का, हे बघायची भारी हौस होती. म्हणून मी खुर्चीवरून उठलोच न्हाई. म्हणलं, "साहेब, झालंय काय ते तरी दाखवा."

त्यांनी छातीचा एक्स-रे उजेडापुढं धरला. "उजव्या फुफ्फुसात, वरच्या भागात शॅडो आहे." शॅडो म्हणजे सावली, पण एक्स-रेत ती पांढरी दिसते, हे मला तिथंच कळलं. "टीबीचा संशय आहे. गावाकडे जाऊन तपासणी करा."

खरं सांगतो, भ्यायच्या आधी मला नवलच वाटलं. स्वतःला आतून पहिल्यांदाच बघत होतो.

खोकला होता की, दोन-अडीच महिन्यांपासून. पण मिलवर कोण खोकत न्हाई? आमच्यात पाळी सुटली की गुळाचा खडा तोंडात टाकतात, धूळ उतरते म्हणून. खोकला वाढला तसा मी गूळ वाढवला. अक्कल बघा माझी! घाम यायचा ती भट्टीची उष्णता, आन् वजन उतरलं तर सुनीता, माझी बायको, म्हणायची, "परदेशाची काळजी खाऊन राह्यली तुम्हाला."

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी झाली. बेडका म्हणजे नुसती थुंकी न्हाई, खोल छातीतून खोकून काढायचा. तो नॅट नावाच्या मशीनमध्ये घालतात. जंतू आहेत का, आन् नेहमीच्या औषधाला ते दाद देतील का, दोन्ही ती सांगते. मी तिथल्या ताईंना इतकं विचारलं, की त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही पेशंट आहात का मशीन दुरुस्तीला आलात?"

जंतू निघाले. औषधाला दाद देणारे निघाले, ही त्यातली बरी गोष्ट.

"सहा महिने गोळ्या. एकही दिवस चुकवायचा नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

"मंग मस्कत?"

"आधी फुफ्फुस, मग मस्कत."

गोळ्या सुरू झाल्या आन् लघवी केशरी झाली. घाबरू नका, औषधाचा रंग असतो तो. मस्कतचं काम जुळवून देणारा एजंट फोनवर म्हणाला, बोभाटा करू नका, बरे झालात की परत मेडिकल करू. म्हणून मी गावात सांगून टाकलं, व्हिसाला उशीर आहे.

मंग क्षयरोग विभागाचा माणूस घरी आला. कॉन्टॅक्ट ट्रेसिंग करायचं म्हणाला, म्हणजे आपल्यामुळं आणखी कुणाला लागण झाली का ते शोधायचं. सुनीता आन् पोरगी तपासणीत चांगल्या निघाल्या. आजार होऊ नये म्हणून दोघींना औषध दिलं. मंग त्यानं विचारलं, "बंद खोलीत बराच वेळ आणखी कुणासोबत बसलात?"

मी बोटं मोजायला लागलो. आमच्याकडं कुणी परदेशी निघालं की भावकी आन् सोयरे जेवायला बोलावतात. पुरणपोळी, टॉवेल-टोपी, फोटो, सगळं बराबर. लोक तिकीट आल्यावर जेवायला जातात. मला इतकी घाई, की मेडिकलच्या आधीच मी अकरा घरं जेवून आल्तो. थंडीचे दिवस, दारं लावलेली, आन् मी मधोमध बसून मस्कतच्या गप्पा हाणतोय, खोकतोय.

"नावं द्या, तुमचं नाव आम्ही सांगणार नाही," तो म्हणाला. पण सोयऱ्यांना काय कळत न्हाई होय? टीबीचं कळलं की मी जाणार न्हाई हेबी कळणार. टोपी घालून मिरवलेला माणूस घरीच बसला म्हणून हसणार. मी म्हणलं, आठवून सांगतो.

दोन दिवस सुनीतानं माझं तोंड बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जेवायला तोंड होतं, सांगायला न्हाई का?"

त्याच दुपारी मी यादी दिली आन् अकराही घरी स्वतः फोन केला. मेव्हण्यानं ऐकून घेतलं आन् फोन ठेवला. अंबडचे काका कडाडले, "आमच्या घरात असलं काही नसतं!" शेवटचा फोन अंकुशनगरच्या आत्याला. ती म्हणाली, "मलाबी दिवाळीपासून खोकला हाय बाबा. म्हातारपण म्हणून गप राह्यले."

मी दिवाळीनंतर लई दिवसांनी तिच्याकडं जेवलो होतो. म्हणजे माझ्या जेवणाआधीचाच तिचा खोकला. तिचा बेडका तपासला, जंतू निघाले. घरात नातवाचं चार महिन्यांचं लेकरू, दिवसभर तिच्याच मांडीवर! बिलकुल वेळेत कळलं. लेकराला काही झालं नव्हतं. कुणाकडून कुणाला लागलं, मी मॅडमला खोदून खोदून विचारलं. "ते आता सांगता येणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

सहा महिने संपले. शेवटच्या तपासणीला आत्याबी गोळ्या न्यायला आल्ती. मॅडमनी नवा एक्स-रे दाखवला. "तुम्ही बरे झालात. पण हा व्रण कायम दिसणार. आखाती देश जुन्या व्रणालाही परवानगी देत नाहीत."

मी तो डाग लई वेळ बघत राह्यलो. एवढासाच होता.

ज्यांना तिकडं जायचंय त्यांना माझं एकच सांगणं हाय: दोन आठवड्यांच्या वर खोकला राह्यला की तपासून घ्या, जेवणं नंतर. मुंबईच्या त्या डॉक्टरांचं मला नावबी ठाऊक न्हाई, पण त्यांचे उपकार हायेत. मी तसाच गेलो असतो तर परक्या मुलखात दहा जणांच्या खोलीत खोकत पडलो असतो.

हे आज कळतं. शेवटच्या तपासणीच्या दिवशी मात्र दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून मी लेकरासारखा रडलो. विमान न्हाई, समुद्र न्हाई, काहीच बघायला मिळणार न्हाई.

आत्यानं मला रडू दिलं. मंग म्हणाली, "तुझं लई नुकसान झालं रे बाबा. पण माझं पणतवंड मांडीवर घेते तवा मला तुझाच फोन आठवतो."