शेजारचा प्लॉट

आमच्या प्लॉट विकणाऱ्या ऑफिसात एकदा पुण्याहून एक शिकवणारे गृहस्थ आणले. भर मे महिन्यात, नागपुरात, टाय लावून! घाम पुसत त्यांनी सांगितलं, गिऱ्हाइकाला जमीन दाखवू नका, गोष्ट सांगा. आपुलकी वाटली की सौदा झालाच. आपुलकी कशी आणायची याचा तक्ता त्यांनी फळ्यावर काढला आणि आम्ही बावळटांनी तो वहीत उतरवून घेतला. मग दर सोमवारी साहेबांपुढे उभं राहून आपापली गोष्ट म्हणून दाखवायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. कुणी मेलेल्या बापासाठी रडायचा, कुणी बाप धडधाकट असूनही. टाळ्या दोघांनाही सारख्याच.

माझी गोष्ट छोटी होती: शेजारचा प्लॉट मी माझ्याच पोरीसाठी घेऊन ठेवलाय. मी तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, आजही राहतो. शेजारचा कोणता, हे गिऱ्हाईक कुठे उभं आहे त्यावर ठरायचं. आम्ही विकत होतो त्या हुडकेश्वरच्या लेआउटातली निम्मी जमीन अशी माझ्या पोरीची झाली होती.

एक निवृत्त कारकून बायकोला घेऊन आले. मूलबाळ नव्हतं. जागा फार एकटी पडते, म्हणून ते परत निघाले होते. मी गोष्ट सांगितली. बाई नवऱ्याला म्हणाल्या, "घेऊन टाका नं जी. रात्री-बेरात्री हाक माराले माणूस राहील." त्यांनी घेतला. त्या सोमवारी सगळ्यात जास्त टाळ्या मला मिळाल्या, आणि निर्लज्जपणे मला त्या आवडल्याही.

पुढे त्यांनी घर बांधलं. वास्तुशांतीचं बोलावणं घेऊन ते स्वतः सीताबर्डीच्या ऑफिसात आले, त्यामुळे टाळता आलं नाही. जेवणं झाल्यावर त्यांनी मला अंगणात नेलं. इतर बाजूंना कंपाउंडची पक्की भिंत होती. एक बाजू सताड उघडी.

"तुमच्या बाजूची नाही उचलली, भाऊ," ते म्हणाले. "तुम्ही आले की दोघांत एकच बांधू. काहून दोन बांधाच्या?"

तो प्लॉट कळमन्याच्या एका व्यापाऱ्याने त्यांच्याही आधी गोदामासाठी घेतला होता. एवढंच वाक्य मला बोलायचं होतं. बाई दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मला स्वतःची किळस आली.

"दिवाळीनंतर सुरू करतो," मी म्हणालो, आणि पोरीची खोली कुठे येईल तेही हात करून दाखवलं.